वेग वाढवलेला टीआय कॅल्क्युलेटर गोंधळ घालतोय? बोर्डाला हात लावण्याआधी हे तपासा

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स (टीआय) कंपनीच्या टीआय-८२, ८३, ८३ प्लस, ८५ किंवा ८६ यांपैकी एखाद्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरचा वेग तुम्ही, किंवा तो आधी ज्याच्याकडे होता त्याने, आतला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) बदलून वाढवला आहे. आणि आता यंत्र यापैकी काहीतरी करतंय:

- साधी आकडेमोड बरोबर येते, पण गेम सुरू केला की पडद्यावर आडव्या रेघा, अर्धवट अक्षरं, सरकलेले ठिपके दिसतात.
- गेम दिसतो नीट, पण इतका पळतो की खेळताच येत नाही. करड्या छटा लुकलुकतात. कधी दाबलेली कळ एक आणि चालते दुसरीच.
- फाइल पाठवताना मध्येच ‘एरर इन एक्समिट’.
- चालू केल्यावर ‘रॅम क्लिअर्ड’ आणि सगळे प्रोग्राम गायब.
- सेल नवे असेपर्यंत सगळं सुरळीत, थोड्या दिवसांनी अचानक हँग.
- वेग आपोआप कमीजास्त होतो. यंत्राची पाठ दाबली की वागणं बदलतं.
- चालूच होत नाही.

मी डॅलसच्या उत्तरेला राहते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं मुख्यालय डॅलसमध्येच आहे, आणि इथल्या शाळकरी मुलांच्या दप्तरातून निघालेली ही जुनी यंत्रं गॅरेज सेलमध्ये सहज मिळतात. काही वर्षांपासून ओळखीची मुलं वेग वाढवलेले कॅल्क्युलेटर दुरुस्तीला घेऊन येतात. येताना जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो, “मावशी, चिप जळली.” चिप जळलेली क्वचितच सापडते. दोष असतो तो सेलमध्ये, सोल्डरच्या एका टाक्यात, किंवा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवरच (सेकंदाला ६० लाख ठोके) धावतोय असं गृहीत धरून लिहिलेल्या प्रोग्राममध्ये. म्हणून खालचा क्रम फुकटातल्या तपासणीपासून सुरू होतो आणि बोर्ड उघडण्याची पाळी शेवटी येते.

आधी थोडं समजून घ्या

या यंत्रांत झेड-८० प्रोसेसर आहे. १९९२ च्या टीआय-८५ पासून १९९९ च्या ८३ प्लसपर्यंत त्याचा ठरलेला वेग साधारण ६ मेगाहर्ट्झ. ‘साधारण’ म्हणायचं कारण असं की त्याचा ताल मनगटी घड्याळासारखा क्रिस्टलवर चालत नाही. रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी तो ठरवते. कपॅसिटर लवकर भरला आणि लवकर रिकामा झाला की ताल जलद. कपॅसिटर छोटा घातला की वेग वाढतो तो यामुळेच.

यात एक मेख आहे आणि अर्धी दुखणी तिथूनच सुरू होतात. बोर्डावरचे ट्रॅक आणि चिपच्या पायांनाही स्वतःची थोडी धारिता (वीज साठवण्याची क्षमता) असते. समजा मूळ कपॅसिटर २० पिकोफॅरडचा (हे धारितेचं एकक) आहे आणि बोर्डाची धारिता १०, म्हणजे एकूण ३०. तुम्ही १० चा कपॅसिटर लावलात की एकूण झाली २०. भाग निम्म्यावर आला, पण वेग दुप्पट झाला नाही, दीडपटच झाला. कपॅसिटर अजिबात काढून टाकला तरी यंत्र बंद पडत नाही. उरलेल्या धारितेवर ते धावत राहतं, पण किती वेगाने ते कुणाच्याच हातात राहत नाही. हे लक्षात ठेवा, कारण ‘वेग आपोआप बदलतो’ या तक्रारीचं उत्तर इथेच आहे.

१. स्विच असेल तर मूळ वेगावर न्या

नीट केलेल्या बदलात जुना आणि नवा, दोन्ही कपॅसिटर ठेवलेले असतात आणि एका छोट्या स्लाइड स्विचने निवडता येतात. यंत्र बंद करा, स्विच मूळ वेगावर सरकवा, मग चालू करा. चालू असताना स्विच हलवू नका. तालाचा एखादा ठोका तुटका गेला की प्रोसेसर वाट चुकतो आणि रॅम पुसली जाते. ‘रॅम क्लिअर्ड’ची तक्रार घेऊन आलेल्या मुलांना मी पहिला प्रश्न हाच विचारते.

मूळ वेगावरही तोच त्रास होत असेल, तर वेगवाढीला तूर्त बाजूला ठेवा आणि नेहमीचा बिघाड समजून सेल, कॉन्टॅक्ट आणि केबल तपासा. मूळ वेगावर त्रास थांबत असेल, तर भाग शाबूत आहेत आणि प्रश्न वेगाचा आहे. एक पैसा न खर्चता निम्मा शोध इथे पूर्ण होतो.

स्विच नसेल तर पुढे चला.

२. चारही सेल एकदम बदला

चांगल्या अल्कलाइनचे चार नवे ट्रिपल-ए सेल घाला. चारही एकाच पाकिटातले हवेत. दोन नवे आणि दोन जुने असं नको, कारण चौघं एकामागे एक जोडलेले असतात आणि सगळ्यांत थकलेला सेल बाकीच्यांनाही खाली ओढतो. साधे झिंक-कार्बन सेल इथे टिकत नाहीत. रिचार्जेबल सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणजे चार मिळून ४.८. नव्या अल्कलाइनचे होतात ६. मूळ वेगाला ४.८ पुरतात, वाढवलेल्या वेगाला पुरतीलच असं नाही.

असं का, तर चिपमधल्या गेट्सना (इवल्या स्विचना) उघडझाप करायला लागणारा वेळ व्होल्टेजवर अवलंबून असतो. व्होल्टेज उतरलं की गेट्स सुस्तावतात. मूळ वेगात त्यांच्यासाठी भरपूर सवड राखलेली असते. वेग वाढवताना आपण तीच सवड वापरून टाकतो. शिवाय वेगासोबत प्रोसेसरचा वीजवापरही वाढतो. त्यामुळे ‘सेल कमी’चा इशारा पडद्यावर यायच्या आधीच वेगवान यंत्र कोलमडतं. इशारा आला नाही म्हणून सेल चांगले आहेत, असं धरून चालू नका.

सेलच्या कप्प्यातल्या स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा आणि पूर्ण वाळू द्या.

३. बटण सेल

८३ प्लसमध्ये रॅम जिवंत ठेवायला सीआर१६१६ किंवा सीआर१६२० हा लिथियम सेल असतो. मुख्य सेल बदलताना रॅम हाच सांभाळतो. तो मेलेला असेल तर दर बदलाला प्रोग्राम जाणार, आणि दोष मात्र वेगवाढीच्या माथी. हा सेल बदलताना मुख्य चार सेल जागेवर असू द्या. दोन्ही एकदम काढले की रॅम गेलीच.

४. कॉन्ट्रास्ट

पडदा कोरा किंवा पूर्ण काळा दिसत असेल तर ‘सेकंड’ दाबून सोडा आणि वरचा किंवा खालचा बाण धरून ठेवा. नवे सेल घातल्यावर पडदा गडद होतो आणि लोक घाबरतात.

५. खरा वेग मोजा

ही तपासणी बहुतेक जण वगळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगाची हीच आहे. बेसिकमध्ये दोन ओळींचा प्रोग्राम लिहा. ‘फॉर’चं आवर्तन १ ते ५००० आणि लगेच ‘एंड’, मध्ये काहीही नको. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. मग तेच आवर्तन त्याच मॉडेलच्या बदल न केलेल्या यंत्रावर किंवा स्विच मूळ वेगावर ठेवून चालवा. मूळ वेळेला नव्या वेळेने भागा. मूळ यंत्राला ३० सेकंद आणि तुमच्याला २० लागले तर वेग दीडपट, म्हणजे सुमारे ९ मेगाहर्ट्झ.

आलेख काढायला लावून वेग मोजू नका. ८३ घराण्यात काही वेळ पडद्याच्या चिपची वाट बघण्यात जातो, त्यामुळे आकडा फसवा येऊ शकतो.

दीडपटीपर्यंतचं यंत्र माझ्या टेबलावर सहसा गुण्यागोविंदाने चालतं. दुपटीच्या आसपास गेलं की त्याच मॉडेलचे दोन नगही वेगवेगळे वागतात. एक महिनोन्‌महिने चालेल, दुसरा तासाभरात अडकेल. मोजमाप पाच-सहा वेळा घ्या. दर वेळी आकडा वेगळा येत असेल तर थेट आठव्या तपासणीकडे जा, कारण तो टाक्याचा दोष आहे.

६. सॉफ्टवेअर: फक्त गेम बिघडतो, की आकडेमोडीचा मूळ पडदाही?

आधी प्रोग्रामची कॉम्प्युटरवर प्रत घ्या. मग रॅम रिसेट करा आणि कुठलाही असेम्ब्ली (थेट प्रोसेसरच्या भाषेतला) प्रोग्राम न चढवता तासभर साधी कामं करा. आकडेमोड, सारणी, आलेख.

साधी कामं नीट आणि असेम्ब्ली गेम मात्र विस्कटलेला, तर हार्डवेअर निर्दोष आहे. मूळ पडद्यावरचीच अक्षरं तुटत असतील तर वेग मर्यादेबाहेर गेला आहे आणि त्याला सॉफ्टवेअरचा इलाज नाही. मोठा कपॅसिटर लावा.

पहिल्या प्रकाराबद्दल सविस्तर सांगते, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहेत.

८२, ८३ आणि ८३ प्लसमध्ये पडद्यासाठी वेगळी ड्रायव्हर चिप असते. तिला एक आज्ञा दिली की दुसरी देण्याआधी साधारण १० मायक्रोसेकंद थांबावं लागतं. ६ मेगाहर्ट्झवर १० मायक्रोसेकंद म्हणजे ६० ठोके. तेव्हाच्या लेखकांनी वेग काढायला नेमके तेवढेच ठोके मोजून आज्ञा रचल्या. आता ९ मेगाहर्ट्झवर तेच ६० ठोके पावणेसात मायक्रोसेकंदांच्या आत संपतात, १२ वर तर पाचच मायक्रोसेकंदांत. पडद्याची चिप अजून पहिल्याच आज्ञेत गुंतलेली असते, दुसरी आज्ञा हवेत विरते आणि चित्र सरकतं. पडदा खराब नाही आणि प्रोसेसरही खराब नाही. दोघांचा ताल जुळत नाही, इतकंच.

प्रोग्रामचा सोर्स (लेखकाने लिहिलेला मूळ मजकूर) मिळत असेल तर इलाज सोपा आहे. ठोके मोजायचं सोडून पोर्ट १०एच (प्रोसेसरची पडद्याच्या चिपशी बोलायची जागा) वाचा, सर्वांत वरचा बिट (चिप गुंतलेली आहे का ते सांगणारा) शून्य होईपर्यंत थांबा, मग पुढची आज्ञा द्या. असा प्रोग्राम कुठल्याही वेगावर नीट दिसतो. सोर्स नसेल तर त्या गेमपुरता मूळ वेग वापरा. दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

८५ आणि ८६ ची रचना वेगळी आहे. तिथे पडद्याचं चित्र सरळ मेमरीतून उचललं जातं, प्रोग्रामला ड्रायव्हरची वाट बघावी लागत नाही. म्हणून वेगवाढ या दोघांना जास्त मानवते. ८६ चा पडदा विस्कटत असेल तर मी गेमवर संशय न घेता आधी वेगावर घेते.

गेम पळतो तेव्हा कारण बहुधा रिकामी आवर्तनं असतात. लेखकाने थांबण्यासाठी ‘इतके हजार वेळा काहीच करू नकोस’ असं लिहिलेलं असतं, आणि ते आता लवकर उरकतं. करड्या छटाही दोन चित्रं आलटूनपालटून दाखवून साधलेल्या असतात, तो हिशेब चुकला की लुकलुक दिसते. कळांचंही तसंच आहे. कुठली रांग वाचायची हे सांगितल्यावर तारा स्थिर व्हायला क्षणभर द्यावा लागतो, तो मिळाला नाही की शेजारची कळ वाचली जाते.

८३ प्लसवाल्यांसाठी एक कळकळीची सूचना. याची ऑपरेटिंग सिस्टीम आणि अर्काइव्ह (प्रोग्राम जपून ठेवायची जागा) फ्लॅश मेमरीत, म्हणजे सेल काढले तरी टिकणाऱ्या मेमरीत, असतात. वाढवलेल्या वेगावर ऑपरेटिंग सिस्टीम चढवू नका आणि ‘गार्बेज कलेक्ट’ (अर्काइव्ह आवरून जागा मोकळी करणं) करू नका. रॅम गेली तर प्रोग्राम पुन्हा चढवता येतात. फ्लॅशमधलं लिखाण मध्येच तुटलं तर यंत्र उठवणं फार कठीण जातं.

७. फाइल जात नाही

आधी केबल. अडीच मिलिमीटरचा प्लग जरा फिरवत आतपर्यंत दाबा, शेवटी बारीकसा टक जाणवतो. एवढ्यानेच कित्येक यंत्रं ‘दुरुस्त’ झाली आहेत.

तरीही जमत नसेल तर दोन्हीकडचे वेग बघा. या केबलमध्ये दोन तारा माहितीच्या असतात आणि दोन्ही एरवी वर ओढलेल्या असतात. पाठवणारा एक तार खाली ओढतो, घेणारा दुसरी खाली ओढून ‘पोचलं’ म्हणतो, मग दोघं आपापली तार सोडतात. असा एकेक बिट जातो. वेगाचं आधी ठरवावं लागत नाही, म्हणून वेगवेगळ्या वेगाची यंत्रंही एरवी बोलू शकतात. पण उत्तराची वाट किती बघायची हे प्रोग्राम ठोके मोजून ठरवतो. वेगवान यंत्राचा धीर लवकर सुटतो आणि ते चूक जाहीर करतं. फाइल पाठवण्यापुरता मूळ वेग लावा. दोन यंत्रं जोडून खेळायच्या गेमला तर दोन्हीकडे सारखाच वेग हवा.

८. आता उघडा

इथून पुढे सोल्डरिंगचा सराव हवा. मी शिकले ती मुंबईत, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जुन्या रेडिओच्या बोर्डांवर. तुम्हीही आधी भंगारातल्या बोर्डावर हात बसवा, कॅल्क्युलेटरवर नको.

सगळे सेल काढा. प्रोग्रामची प्रत घेतलेली असू द्या, कारण रॅम जाणार आहे. बारीक टॉर्क्स स्क्रू काढून मागचं कव्हर हलकेच उचला. काही मॉडेलांत धातूची पातळ शील्ड असते. आधीच्या हाताने घातलेली वायर त्या शील्डला टेकत असेल तर बिघाड तिथेच सापडला. कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणाऱ्या, वीज न वाहणाऱ्या चिकटपट्टीची) एक पट्टी लावा.

मग भिंगातून टाके बघा. चांगला टाका चकचकीत आणि कडेला निमुळता उतरलेला असतो. मळकट, गोळ्यासारखा, कडेला बारीक रेघ पडलेला टाका म्हणजे ड्राय सोल्डर. ‘पाठ दाबली की वागणं बदलतं’ असं म्हणणाऱ्यांच्या यंत्रात मला जवळपास दर वेळी हाच दिसतो, तोही स्विचकडे जाणाऱ्या वायरच्या टोकाला. वायर सुटली की कपॅसिटर सर्किटबाहेर जातो आणि यंत्र फक्त बोर्डाच्या धारितेवर, बेफाम वेगाने पळू लागतं. दाबलं की वायर टेकते आणि वेग ताळ्यावर येतो. थोडा फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावा, बारीक टोकाने दोन-तीन सेकंदांत टाका पुन्हा मारा.

स्विचच्या वायरी लांब असतील तर त्या तोडून दोन-तीन सेंटिमीटरवर आणा. लांब वायर स्वतःच धारिता वाढवते, आणि हात जवळ नेला तरी ताल हलतो.

९. कपॅसिटरचा प्रकार

टाके चांगले, सेल नवे, तरी उन्हात ठेवलेल्या गाडीतून काढल्यावर किंवा थंडीत यंत्र वेगळं वागतं? मग लावलेला कपॅसिटर स्वस्तातला, तापमानाबरोबर बदलणारा असावा. एनपी-शून्य किंवा सी-शून्य-जी प्रकारचा सिरॅमिक लावा, त्याची धारिता उष्णतेने हलत नाही म्हटलं तरी चालेल. पाचव्या तपासणीत वेग दीडपटीच्या वर आला असेल तर याच वेळी थोडा मोठा कपॅसिटर निवडा. कुठल्या नावाचा भाग काढायचा हे दुसऱ्याच्या फोटोवरून ठरवू नका. बोर्डाची आवृत्ती बदलली की भागांची नावं आणि जागा बदलतात.

इथे थांबा

बोर्डावरचं तांब्याचं पॅड उखडलं, तर सोल्डरिंग आयर्न खाली ठेवा. दुसऱ्यांदा तापवलं की ट्रॅकही जातो. पडद्याकडे जाणारी चपटी पट्टी सुटली किंवा पडद्यावर एक उभी-आडवी ओळ कायमची गेली, तर त्या पट्टीला आयर्न लावू नका, ती साध्या सोल्डरने बसत नाही. मूळ कपॅसिटर परत बसवून, नवे सेल घालूनही यंत्र चालू होत नसेल, किंवा सेल घालताच बोर्डाचा एखादा भाग गरम लागत असेल, तर लगेच सेल काढा. या चारही वेळी काम मायक्रोस्कोप आणि हॉट एअर असलेल्या कारागिराचं आहे. भारतात चांगला मोबाइल दुरुस्तीवाला हे करतो. उखडलेल्या पॅडवर जंपर (जोडणारी बारीक वायर) टाकणं त्याचं रोजचं काम आहे.

परीक्षा आठवड्यावर आली असेल तरीही थांबा. मूळ स्थितीतलं दुसरं यंत्र उसनं घ्या. खरी गरज फक्त वेगाची असेल तर टीआय-८४ प्लसचा विचार करा. २००४ च्या या यंत्राचा प्रोसेसर मुळातच १५ मेगाहर्ट्झवर धावतो आणि प्रोग्रामला पोर्ट २०एचमधून ६ किंवा १५ निवडता येतात. तिथे सोल्डर लागत नाही.

कारागिराकडे देताना कागदावर चार गोष्टी लिहून द्या: मॉडेल, कुठला भाग काढला आणि त्या जागी किती पिकोफॅरडचा लावला, पाचव्या तपासणीत आलेला वेग, आणि मूळ वेगावर त्रास होतो की नाही. मूळ कपॅसिटर जपून ठेवला असेल तर तोही छोट्या पाकिटात घालून त्याच कागदाला चिकटवून द्या.